आधी रात्री टॉर्च घेऊन खुराड्यात जा

सहा कोंबड्यांनी सुरुवात करताय, छान! लाल माइटवर (गोचिडीसारखे बारीक जीव) कोणतं औषध, हे विचारलंत, पण औषधांचं नंतर बघू. लाल माइट दिवसा फटींत दडतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. त्यामुळे दुपारी कोंबडी उलटीपालटी करून ‘काही नाही’ म्हणणं ही नवख्यांची ठरलेली चूक. मीही केली होती. अंधार पडल्यावर बसायच्या दांडीखालून पांढरं फडकं फिरवा. तांबडे डाग उमटले की समजायचं, माइट आहेत.

- दांडीची टोकं, सांधे खरवडून काढा. आठवड्याने पुन्हा, कारण उबेत तेवढ्यात नवी पिढी तयार होते.
- धुळीत लोळायला कोरडी माती ठेवा.
- खुराड्यात कोंबडीमागे 4 चौरस फूट, बाहेर 10. ‘पिल्लं आहेत, मावतील’ म्हणून भरू नका; मोठी झाली की टोचाटोची सुरू होते.