गुप्त लष्करी शटल मोहिमेत अंतराळवीरांचा जीव खरोखर धोक्यात आला होता का?

होय, डिसेंबर 1988 मधील ‘नासा’च्या एसटीएस-27 या स्पेस शटल (पुन्हा वापरता येणारे अंतराळयान) मोहिमेत तसे घडले होते. 1986 मध्ये चॅलेंजर हे शटल उड्डाणादरम्यान नष्ट झाले होते; त्या दुर्घटनेनंतरचे हे शटलचे दुसरेच उड्डाण होते. 2 डिसेंबरला निघालेल्या अटलांटिस या शटलमध्ये प्रमुख रॉबर्ट गिब्सन, वैमानिक गाय गार्डनर, माइक मुलेन, जेरी रॉस आणि विल्यम शेपर्ड असे पाच जण होते. अमेरिकी संरक्षण खात्याने नेलेला माल गुप्त ठेवला असला, तरी तो रडारने टेहळणी करणारा ‘लॅक्रॉस’ उपग्रह होता, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

उड्डाणानंतर सुमारे 85 सेकंदांनी उजव्या बूस्टरच्या (उड्डाणाला जोर देणाऱ्या रॉकेटच्या) टोकावरील आवरणाचा तुकडा सुटून यानाच्या उष्णतारोधक टाइल्सवर आदळला. यांत्रिक हाताच्या कॅमेऱ्यातून अंतराळवीरांना ही हानी स्पष्ट दिसली. परंतु गुप्ततेसाठी चित्रण सांकेतिक करून पाठवावे लागल्यामुळे ह्यूस्टनमधील नियंत्रण केंद्राला अस्पष्ट चित्रे मिळाली आणि तेथील अभियंत्यांनी तो केवळ छायाप्रकाशाचा खेळ असल्याचा निष्कर्ष काढला. प्रत्यक्ष पाहणाऱ्या अनुभवी अंतराळवीरांच्या शब्दापेक्षा त्या धूसर चित्रांवर अधिक विश्वास ठेवला गेला, हे मला या प्रकरणातील सर्वांत खटकणारे वाटते.

6 डिसेंबरला कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावर यान सुखरूप उतरले, तेव्हा 700 हून अधिक टाइल्सना इजा झाल्याचे आढळले. एक टाइल तर पूर्णपणे निघून गेली होती. सुदैवाने नेमक्या त्याच जागी अँटेनाची जाड धातूची पट्टी असल्यामुळे आतला सांगाडा वाचला. याच मोहिमेतील शेपर्ड यांनी पुढे 2000 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील पहिल्या निवासी तुकडीचे नेतृत्व केले.