तुळशीच्या कुंडीतली माती आणि शेजारचा बोका

“तुमचा बोका आवरा, नाहीतर आम्हीच त्याला पोत्यात घालून लांब सोडून येतो.” जिन्यात शेजारणीने हे ऐकवलं, त्या दिवसापासून बाईंनी गॅलरीचं दार उघडणंच बंद केलं होतं. कोथरूडमधली जुनी चार मजली इमारत, दोन गॅलऱ्यांना जोडणारा एकच छज्जा, आणि त्यावरून रोज पलीकडे जाणारा अडीच वर्षांचा मन्या. समुपदेशनाला आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न ठरलेला होता: वीस वर्षांचा शेजार तुटतोय, तर मन्याला कुणाला देऊन टाकू का?

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी ‘त्रास’ या शब्दाचे तुकडे करावे लागतात. मांजर नेमकं काय करतं, कुठे, किती वाजता? बाईंना सांगता येईना, कारण बोलणंच थांबलं होतं. म्हणून पहिलं काम ठरलं ते शेजारणीकडे जाऊन फक्त ऐकून येण्याचं. काय बोलायचं तेही ठरवून दिलं: “वहिनी, मन्यामुळे तुम्हाला त्रास झाला, चूक माझी आहे. काय काय होतं ते सांगा, मी लिहून घेते.” बस, एवढंच. ‘पण तो तसा गरीब आहे हो’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, असं दोनदा बजावलं. मांजर पाळणाऱ्यांचं बिनसतं ते बहुतेक याच वाक्यावर. समोरच्याला वाटतं, माझं नुकसान हे खोटंच ठरवतायत.

वहीत तीन गोष्टी आल्या. तुळशीची कुंडी उकरून त्यात घाण, दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर मुताचे फवारे, आणि पहाटे पाचला खिडकीशी ओरडणं. बाई उठता उठता शेजारीण आणखी एक बोलली. लेकीला सातवा लागलाय, पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येणार, आणि मांजराच्या घाणीने पोटातल्या बाळाला बाधा होते असं जावेने सांगितलंय.

बाईंना हा अडाणीपणा वाटला. तो अजिबात नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि गरोदरपणात त्याचा नव्याने संसर्ग झाला तर बाळाला इजा होऊ शकते. मात्र मांजर तो कायम टाकत नाही, साधारणपणे पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडेच टाकतं. ताज्या विष्ठेतून तो लागतही नाही. बाहेर पडल्यावर लागण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराच्या शौचासाठी घरात ठेवलेल्या, रोज साफ होणाऱ्या ट्रेपासून धोका कमी असतो. कुंडीचं नेमकं उलट: तिथली घाण मातीत गाडली जाते आणि ओलसर मातीत हा परजीवी महिनोन् महिने टिकतो. आल्यावर रोज तुळशीला पाणी घालणार असलेल्या गरोदर मुलीबद्दल आईला धास्ती वाटली, ती रास्तच होती. उलट मन्या कठड्यावरून गेला किंवा पायाला घासला म्हणून काही होत नाही, हेही तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांची काळजी जास्त घ्यायची.

कुंडीची भरपाई बाईंनी पहिल्याच आठवड्यात केली. नवी कुंडी, नवी माती, नवं रोप. जुनी माती हातमोजे घालून आवाराच्या कोपऱ्यात खोल पुरली. नव्या कुंडीत अर्ध्या इंची तारेची जाळी गोल कापून, मध्ये खोडापुरतं भोक ठेवून, मातीच्या बोटभर खाली दाबली. कापलेली टोकं खाली वळवली, नाहीतर हाताला लागतात. वर अंगठ्याएवढे गोटे पसरले. मांजराला भुसभुशीत कोरडी माती लागते, गोट्यांत पंजा चालत नाही. लेकीने मातीत हात घालायचा नाही, आणि हवी तर रक्ताची तपासणी तिच्या डॉक्टरांना विचारून करायची, एवढं ठरलं.

पण घरात ट्रे असताना मन्या कुंडीत का जात होता? वॉशिंग मशिनला खेटून ठेवलेलं एक छोटं टब, आणि दर रविवारी ते फिनाइलने घासलेलं. माणसाला जो वास स्वच्छतेचा वाटतो, तो मांजराला हाकलून लावतो. शिवाय फिनाइलमधली काही रसायनं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, पंजे चाटताना ती पोटात जातात. आता दोन ट्रे आले (मांजरं जितकी, त्याहून एक जास्त), दोन फूट लांब, आत दोन इंच बिनवासाचं लिटर, म्हणजे मांजराच्या ट्रेत घालायची दाणेदार माती. सकाळ-संध्याकाळ खडे उचलायचे, आठवड्याला साध्या साबणाने धुवायचं. एक ट्रे मशिनपासून लांब, शांत कोपऱ्यात.

चपलांवरचं प्रकरण वेगळं. शेपटी उभी करून, ती थरथरवत उभ्या पृष्ठभागावर मारलेला फवारा ही हद्दीची खूण असते. बसून केलेली लघवी ती नव्हे. नसबंदी न झालेला बोका हे करणारच. इथे बाई अडल्या: “मुक्या जीवावर असा अन्याय कसा करायचा?” त्यांना विचारलं, मागच्या वर्षी मन्याच्या मानेला गळू किती वेळा झालं? दोनदा, मारामारीतून. तेही भोगणंच होतं. बोक्याची शस्त्रक्रिया छोटी असते, बहुधा त्याच दिवशी घरी येतो. चार दिवस लिटरऐवजी वर्तमानपत्राचे तुकडे घालायचे, म्हणजे जखमेत धूळ जात नाही. सुमारे ९० टक्के बोक्यांत फवारणी थांबते किंवा बरीच कमी होते, पण हार्मोन उतरायला सहा आठवडेही लागतात. हे शेजारणीला आधीच सांगायचं, नाहीतर तिसऱ्या दिवशीच ‘ऑपरेशन करून काय उपयोग’ असं होतं. बोका ट्रेमध्ये नुसता जोर करत बसला आणि लघवीच आली नाही, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

स्टँड धुतला तो आधी साध्या पाण्याने, मग एन्झाइमचं क्लीनर पंधरा मिनिटं ठेवून. लाकूड असल्याने तीनदा करावं लागलं. शेजारणीने तिथे डांबरगोळ्या ठेवल्या होत्या. त्या मांजराला विषारी असतात, आणि येणाऱ्या बाळाच्या घरातही नकोच, हे बाईंनी आपुलकीने सांगितलं आणि ते पटलंही.

पहाटेच्या ओरडण्यासाठी गॅलरीला जाळी बसली, आणि रात्री साडेनऊला पंधरा मिनिटं दोरीने दमवून मग पोटभर जेवण. चौथ्या दिवशी मन्या इतका रडला की बाईंचा हात कडीवर गेला होता. तेव्हा दार उघडलं असतं, तर चार दिवस रडलं की दार उघडतं हेच तो शिकला असता.

सोडून येण्याच्या धमकीबद्दल: उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. बाईंना हे माहीत असावं म्हणून सांगितलं, जिन्यात ऐकवण्यासाठी नाही.

सहाव्या आठवड्यात वहीत दोनच नोंदी होत्या, आणि त्या दोन्ही रात्री मन्या जाळीच्या आत होता. म्हणजे मोकाट बोका दुसराच. ‘बघा, आमचा नव्हताच’ असं म्हणायचा मोह बाईंनी आवरला, वही शेजारणीपुढे ठेवली आणि विचारलं, “याचं काय करूया?” पकडून, नसबंदी करून, त्याच जागी सोडायचं असं दोघींनी मिळून ठरवलं. पिंजरा लावायला योग्य जागा शेजारणीची गॅलरी, कारण तो तिथूनच येतो. पण पिंजऱ्यात आमिषाला सुके बोंबील, आणि त्यांच्याकडे ते चालत नाहीत. म्हणून पिंजरा छज्ज्याच्या बाईंकडच्या टोकाला लागला, आणि बोका अडकला की त्यावर टाकायची जुनी चादर शेजारणीने दिली; अंधार झाला की मांजर शांत होतं.