मुंबई–न्यूअर्क किती तास, आणि पुढच्या शिकागोच्या तिकिटाबद्दल

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. आई-बाबा मुंबईहून रात्री दीडला निघून न्यूअर्कला (न्यूयॉर्कजवळचं विमानतळ) सकाळी साडेसातला पोचणार. अंतर साडेबारा हजार किलोमीटर, ताशी ९०० धरले तर चौदा तास, म्हणजे विमान वेळेआधीच उतरेल आणि साडेनऊचं शिकागोचं विमान आरामात मिळेल, असा तुमचा हिशेब. त्यात शिकागोचं तिकीट वेगळं काढलेलं. आमच्याकडे अगदी असंच झालं होतं.

आधी तासांचं. उन्हाळ्यात न्यूअर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तुमच्या तिकिटावरचे एकूण साडेपंधरा तास होतात. तेच खरे धरा. वेबसाइटवरचं अंतर पृथ्वीच्या गोलावरच्या सगळ्यात जवळच्या रेघेचं असतं. ती रेघ पाकिस्तान आणि रशियावरून जाते. २०२२ मध्ये अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं, एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचं, म्हणून वळसा पडतो. जाताना वारा समोरून, थंडीत तो आणखी जोराचा. येताना तोच पाठीशी, त्यामुळे तास-दीड तास कमी लागतात.

पण माझी काळजी वेगळीच आहे. सामान शिकागोपर्यंतचं असलं तरी अमेरिकेत पहिल्या विमानतळावर साधारणपणे ते उचलावंच लागतं. आधी इमिग्रेशनची रांग, मग बॅगा, कस्टम्स, परत बॅगा देणं, परत सिक्युरिटी, कदाचित दुसरं टर्मिनल. दोन तासांत सत्तरीची माणसं हे कसं करणार?

आम्ही ट्रॅव्हल एजन्सीला एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, तिकीट मागितलं होतं. त्यांनी थोडं स्वस्त पडतं म्हणून परस्पर दोन वेगळी काढली आणि वर "भरपूर वेळ आहे" असंही सांगितलं. मुंबईचं विमान उशिरा सुटलं, पुढचं चुकलं. काउंटरवर उत्तर मिळालं, तिकीट वेगळं आहे, तुम्ही नो-शो, म्हणजे वेळेवर आलाच नाहीत. त्या तिकिटाचा परतीचा भागही रद्द. एजन्सीला फोन केला तर "तो एअरलाइनचा विषय आहे". आई-बाबा खुर्च्यांवर ताटकळत बसलेले, आणि इथे फोनवर एकही माणूस जबाबदारी घ्यायला तयार नाही. अजून आठवलं की संताप होतो.

म्हणून माझं ठाम मत: आई-बाबांसाठी एकच पीएनआर, थोडे पैसे जास्त गेले तरी. मग पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय करणं कंपनीवर येतं. आणि मध्ये किमान चार तास. मी एजंट नाही, नियम बदलतात, कंपनीला विचारून खात्री कराच. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच मागा, चालता येत असलं तरी. सोबत माणूस मिळतो आणि इंग्रजीचं दडपण कमी होतं. पुढच्या खेपेला अबूधाबीमार्गे बघा, तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन चढण्याआधीच उरकतं.

शिकागोचं तिकीट थेट एअरलाइनकडून घेतलं असेल, २४ तास झाले नसतील आणि प्रवासाला किमान सात दिवस असतील, तर अमेरिकेच्या नियमानुसार ते पूर्ण पैसे परत घेऊन रद्द करता येतं. आज रात्रीच बघा.