घाम येत होता, मग ऊन कसं लागलं?

प्रश्न: डॉक्टर, आमच्याकडं हळद शिजवायचं काम चालू होतं, दुपारी दोनच्या सुमाराला सासरे कुकरजवळच मटकन खाली बसले आणि काहीबाही बडबडायला लागले, मला ओळखेनात, अंग नुसतं भाजत होतं पण बंडी घामानं ओलीचिंब, म्हणून सगळे म्हणाले ऊन लागलं असतं तर घाम थांबला असता. मग कांदा हुंगवला, तापाची गोळी दिली आणि गाडीची वाट बघत बसलो. दवाखान्यात उष्माघात निघाला. आता बरे आहेत, पण आमचं चुकलं काय?
– एक सून, तासगाव तालुका

उत्तर: ताई, ते बरे आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. घाम थांबला तरच उष्माघात, हे आपल्याकडं फार घट्ट बसलंय. घरात उकाड्यात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाचं अंग बऱ्याचदा कोरडं पडतं, पण कष्टाचं काम करताना झालेल्या उष्माघातात घाम असू शकतो, आणि कुकरच्या वाफेत तर घाम नुसता निथळतो, वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग थंड होणार कसं? म्हणून घाम बघू नका, माणूस भानावर आहे का ते बघा. अंग तापलंय आणि बडबडतोय, ओळखत नाही, झोकांड्या जातायत, झटके येतायत, तर उष्माघातच समजा, थर्मामीटर शोधत बसू नका.

एकानं 108 ला फोन लावायचा आणि बाकीच्यांनी त्याच मिनिटाला सावलीत नेऊन, कपडे काढून, अंगावर पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा. उन्हातल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका देतं, ते आधी सोडून द्या. बर्फ असला तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत. गाडीतसुद्धा हे थांबवायचं नाही. भान नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. हा ताप नव्हे, त्यामुळं तापाच्या गोळीनं उतरत नाही, आणि कांद्यात वेळ जातो तो वेगळाच.

नुसती घेरी, मळमळ, पोटऱ्यात गोळे, पण बोलणं नीट असेल तर सावली आणि घोटघोट ओआरएस, आणि त्या दिवशी काम बंद. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठा.

सासऱ्यांना बीपीची, लघवी जास्त होणारी गोळी चालू आहे का? असेल तर मनानं बंद करू नका, पण तुमच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा. आणि या हंगामात त्यांना परत कुकरजवळ जाऊ देऊ नका, ते ऐकणार नाहीत हे मला माहितीय, तरी पण, कारण एकदा उष्माघात झालेलं अंग बरेच दिवस उन्हाला लवकर हार मानतं.