घाट माथ्यावरच ठरतो

लांब पल्ल्याच्या गाडीवर नव्याने बसलेल्या चालकांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं या वेळी घेतली आहेत. उताराबद्दलच्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. इतर चुका पैशांवर निभावतात, ही निभावत नाही.

प्रश्न : काका, मी दोन महिन्यांपासून दहा चाकी गाडीवर आहे. आमचे उस्ताद उताराला गाडी न्यूट्रल करायला सांगतात, डिझेल वाचतं म्हणतात. पण बोरघाट उतरताना खाली येईपर्यंत जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी नीट धरत नाही. ब्रेक खराब आहेत का? (सातारा)

ब्रेक एकदा तपासून घ्याच, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून खोट गिअरमध्ये आहे. उस्तादांचा मान ठेवा आणि ही एक गोष्ट मात्र त्यांची ऐकू नका.

डिझेलचा हिशेब आधी. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पंप डिझेल सोडणं बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून थोडं डिझेल जळतच राहतं. म्हणजे उताराला न्यूट्रल केल्याने डिझेल वाचत नाही, उलट थोडं जास्तच जातं. काही जण त्याही पुढे जाऊन इंजिन बंद करतात. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन बंद केलं की ती हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि टाकीत उरलेल्या हवेवर चार-सहा वेळा ब्रेक मारले की संपलं. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार दिसायला घाटासारखा नाही, सरळ आणि रुंद आहे, म्हणूनच तिथे हा मोह होतो. त्या पट्ट्यात जड गाड्यांनी पुढच्या गाड्या चिरडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

आता वासाचं. लोणावळ्याच्या माथ्यापासून खोपोलीपर्यंत गाडी पाचशे मीटरहून जास्त खाली येते. २८ टनांचा तो सगळा जोर कुठेतरी जिरवावा लागतो. गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक) लावला तर बराचसा इंजिनात जिरतो. न्यूट्रलमध्ये तो सगळा लायनर (ब्रेकची घासणारी पट्टी) आणि ड्रमवर (चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं) येतो. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो. लायनरही तापून गुळगुळीत होतो आणि त्याची पकड जाते. पेडल खाली जातं, हवा सुटल्याचा आवाज येतो, काट्यावर हवा पूर्ण दिसते आणि गाडी थांबत नाही. याला लोक ‘ब्रेक फेल’ म्हणतात. फेल काही झालेलं नसतं, ब्रेक तापून बसलेले असतात.

म्हणून घाट माथ्यावरच ठरतो. उतार सुरू होण्याआधी, सपाटीवर असतानाच गिअर खाली घ्या. ‘ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं’ हा नियम जुन्या कमी ताकदीच्या गाड्यांचा आहे. आताची गाडी वरच्या गिअरमध्येही चढून जाते, तेव्हा उतरताना त्याहून एक, माल पूर्ण असेल तर दोन गिअर खाली धरा. उतारावर वेग चढल्यावर गिअर पाडायला गेलात तर खालचा लागत नाही, वरचाही परत लागत नाही आणि गाडी नको तिथे न्यूट्रलमध्ये अडकते. मोठे अपघात याच क्षणी होऊ शकतात.

एक्झॉस्ट ब्रेक आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) वर असताना जास्त धरतो. आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला राहू द्या, लाल पट्ट्याला शिवू देऊ नका. इंजिन मोठ्याने ओरडतंय म्हणून घाबरायचं कारण नाही, ते तुमचं काम करतंय. गाडी रिकामी असेल आणि रस्ता पहिल्या पावसाने ओला असेल, तर मात्र एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवा. मागची चाकं घसरतात आणि गाडी आडवी होते.

पायाचा ब्रेक असा वापरा. समजा तुम्ही ताशी ३० ठरवलेत. काटा ३० ला आला की पेडल नीट दाबा, तीनेक सेकंदांत वेग २० पर्यंत आणा आणि पाय पूर्ण काढा. गाडी हळूहळू पुन्हा ३० वर येईल, तेवढ्यात ड्रमला वारा लागतो. पुन्हा तेच. पेडलवर हलका पाय ठेवून पूर्ण घाट उतरणं आणि फटफट-फटफट ब्रेक मारत राहणं, दोन्ही वाईट. पहिल्याने ड्रम तापतात, दुसऱ्याने हवा संपते. वेगाचं गणितही ध्यानात असू द्या. वेग दुप्पट झाला की थांबवायला चौपट जोर लागतो, म्हणजे ४० चे ८० झाले तर ब्रेकवरचं काम चारपट.

निघण्याआधी दोन मिनिटं द्या. हवा ८ बारच्या आसपास भरू द्या, चाकाखाली उटी (दगड किंवा लाकडाचा अडसर) लावा, इंजिन बंद करा, हँडब्रेक सोडा आणि पेडल पूर्ण दाबून एक मिनिट धरा. काटा पाव बारहून जास्त उतरला तर कुठेतरी गळती आहे, घाटाकडे जाऊ नका. हवा कमी असल्याचा बझर वाजत असताना गाडी हलवायचीच नाही. हवेच्या टाकीच्या खालची कडी ओढून रोज पाणी काढा. तेलकट, पांढरट पाणी भरपूर आलं तर एअर ड्रायर (हवेतली ओल काढणारा भाग) बदलायला झालाय.

खाली उतरल्यावर पहिल्या सुरक्षित जागी थांबा. हाताची पाठ प्रत्येक ड्रमजवळ न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त भाजत असेल तर त्याचा स्लॅक ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा भाग) घट्ट आहे किंवा ब्रेक सुटत नाहीये. एकच थंड असेल तर त्या चाकाला ब्रेक लागतच नाहीये आणि त्याचं ओझं बाकीच्यांनी उचललंय. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडा जातो. गाडी सपाटीवर, गिअरमध्ये उभी करून उटी लावा. हँडब्रेक ड्रम निवल्यावर ओढा.

आणि ब्रेक खरंच धरेनासे झाले तर हॉर्न आणि हेडलाइट चालू ठेवून डोंगराच्या बाजूला या आणि मातीत, गटारात चाकं घालून गाडी घासत थांबवा. निर्णय लवकर घ्या. ४० च्या वेगाला गटारात घातलेली गाडी दुरुस्त होते. ८० ला काही हातात राहत नाही.

प्रश्न : पिंपळगावहून दिल्लीला कांदा नेतो. मागच्या खेपेला खालचे दोन थर ओले निघाले, व्यापाऱ्याने भाड्यातून पैसे कापले. वजन काट्यावर बरोबर होतं. ताडपत्री चांगली होती. चूक कुठे झाली? (निफाड)

ताडपत्री चांगली होती, हीच अडचण असू शकते. कांदा श्वास घेतो, उष्णता आणि ओल सोडतो. चारी बाजूंनी घट्ट आवळलेल्या गाडीत ती ओल रात्री ताडपत्रीला आतून लागते आणि खाली ठिबकते. पाऊस नसेल तर दोन्ही बाजूंनी वीतभर आणि मागे फाळक्याच्या वर हातभर मोकळं ठेवा. हौद्याच्या तळाला भाताचा पेंढा किंवा लाकडी पट्ट्या टाका, म्हणजे खालच्या थराला हवा मिळते. खालचे थर ओले निघण्याचं दुसरं कारण तळातच असतं. आधीच्या खेपेत मीठ किंवा खत असेल आणि हौदा धुऊन सुकवला नसेल तर फळ्या ओल धरतात. भरण्याआधी तळावर हात फिरवून बघा.

ताडपत्री दोन तुकड्यांची असेल तर पुढचा तुकडा मागच्याच्या वर यायला हवा, उलट झालं तर वारा आत शिरून ती फाडतो. दोर बांधताना मध्ये एक फास करा, शेपूट हुकातून फिरवून त्या फासातून खाली ओढा. कप्पीसारखा ताण बसतो आणि एकट्या माणसाला जमतं. पहिल्या ४०-५० किलोमीटरवर थांबून पुन्हा ओढा. गोण्या बसल्यावर दोर हमखास सैल पडतो.

वजनाचंही सांगतो, कारण नव्या माणसाला ‘अजून वीस गोण्या बसतात’ म्हणून भरीला घालतात. दहा चाकी गाडीला मालासकट कायद्याने साडेअठ्ठावीस टन. गाडीचं वजन साडेनऊ-दहा टन धरा, म्हणजे माल साडेअठरा-एकोणीस टनांपर्यंत, ५० किलोच्या साधारण ३७० गोण्या. पकडले गेलात तर २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल तिथेच उतरवून घ्यायचा. रिकाम्या गाडीचा काटा आणि भरलेल्या गाडीचा काटा, दोन्ही पावत्या जपा.

(जालन्याहून सळई भरणाऱ्या एका वाचकानेही असंच विचारलंय. सळईला दोर चालत नाही, तिच्या नक्षीने कापला जातो. साखळी लावा. आणि सळई व केबिनमागची जाळी यांत अंतर ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की भारा पुढे सरकतो आणि केबिन फोडतो.)

प्रश्न : वाटेत गाडी बिघडली, दोन दिवस गॅरेजला गेले आणि ई-वे बिलाची (माल नेण्यासाठी जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत संपली. नाक्यावर चालकाला जबाबदार धरतात का? (अहिल्यानगर)

माल आणि गाडी दोन्ही अडकतात, मग जबाबदारी कोणाची याला तिथे अर्थ राहत नाही. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे १,३०० किलोमीटरला सात. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्या वेळात ती वाढवून घेता येते. गाडी बंद पडल्याबरोबर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला फोन करा आणि बंद गाडीचा, गॅरेजच्या पाटीचा फोटो पाठवा. माल दुसऱ्या गाडीत टाकणार असाल तर बिलाच्या ‘भाग ब’ मध्ये नवा गाडी नंबर चढल्याशिवाय ती गाडी हलवू देऊ नका. जुना नंबर राहिला तर कराच्या दुप्पट दंड बसू शकतो.

प्रश्न : रात्री दोननंतर डोळे मिटतात. चहा, तंबाखू, तोंडावर पाणी, सगळं करून झालं. सवयीने जाईल का? (गडहिंग्लज)

नाही जाणार. पहाटे दोन ते पाच शरीर झोप मागतंच, वीस वर्षांच्या अनुभवी माणसाचंही. ताशी ८० वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद डुलकी लागली तर ६६ मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. मागचा एक किलोमीटर आठवत नाही, गाडी पट्टा सोडते, गिअर उगाच चुकतो, ही डुलकीच्या आधीची लक्षणं. तेव्हा पंपावर किंवा ढाब्यावर गाडी घ्या, एक कप चहा प्या आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून झोपा. चहाचा असर उठायच्या वेळी येतो. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ प्रमाणे पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दिवसाला आठ तास काम हा चालकाचा हक्क होता. मालक ‘सकाळी सहाला गाडी लागलीच पाहिजे’ म्हणाला तर निघायची वेळ मागे ओढायला सांगा. आणि झोपेसाठी महामार्गाच्या कडेला, दिवे बंद करून गाडी कधीही लावू नका. मागून येणाऱ्याला ती दिसत नाही.

प्रश्न : हमालीचे पैसे कोणी द्यायचे? (लातूर)

‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. तुम्ही मात्र भाडं ठरवतानाच बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) ‘हमाली, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च) माल घेणाऱ्याकडे’ असं लिहून घ्या. गाडी लागल्यावर वाद घातला तर दिवस तुमचाच जातो.

प्रश्न : माझा मुलगा डिसेंबरात पहिल्यांदा उत्तर प्रदेशच्या गाडीवर निघतोय. सोबत काय देऊ? (एक आई, परभणी)

ताई, डबा तर द्यालच. तिकडे पहाटे धुकं असतं आणि थंडी आपल्याकडच्यासारखी नसते. जाड रजई, कानटोपी आणि लोकरीचे मोजे द्या. कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह बंद केबिनमध्ये पेटता ठेवून झोपायचं नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, धूर नसतो, झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. स्वयंपाक गाडीबाहेर, वाऱ्याला पाठ करून. धुक्यात मोठा दिवा लावू नये, डिपरवर (खाली पडणाऱ्या दिव्यावर) चालावं. काहीच दिसेनासं झालं तर रस्त्यावर न थांबता पंपात शिरावं. गाडी बिघडली तर परावर्तक त्रिकोण पन्नास पावलं नाही, निदान शंभर पावलं मागे ठेवावा. आणि निघण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या. रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसत असतील तर चष्मा लागला असू शकतो, आणि पहिल्या नोकरीत पोरं हे सांगायला लाजतात.