सातपूर-अंबडमधल्या परदेशी मालकीच्या कंपनीला प्रदूषणाचे नियम कुठले लागतात, इथले की त्यांच्या देशातले?

इथलेच लागतात, मालक जर्मन असो नाहीतर जपानी, कारखाना नाशकात आहे म्हटल्यावर १९७४ चा पाणी कायदा, १९८१ चा हवा कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा शेजारच्या देशी कारखान्याला जसे तसेच त्यालाही. म्हणजे बांधकामाआधी एमपीसीबीची (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची) एक संमती, चालू करायच्या आधी दुसरी, आणि मार्चअखेरच्या वर्षाचं पर्यावरण विवरण फॉर्म ५ मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत. अंबडला एका युनिटचे हेच कागद मी बघतो म्हणून सांगतोय. हेड ऑफिसचं स्वतःचं धोरण, आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) वगैरे असतं, पण ते वरचं, त्याने एमपीसीबीचं काही माफ होत नाही (ऑडिटला आलेल्या साहेबांना हे दरवेळी नव्याने समजवावं लागतं).

फक्त एक आहे, माल युरोपला जात असेल तर युरोपीय संघाचं सीबीएएम, म्हणजे आयात माल बनवताना निघालेल्या कार्बनवरचा आकार, मधे येतं. स्टील, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत असल्या मालावर, त्यात लोखंडी नट-बोल्टसुद्धा आले, रिपोर्टिंग १ ऑक्टोबर २०२३ पासून होतं आणि १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा भाग सुरू. कायद्याने जबाबदारी तिकडच्या आयातदाराची, पण किती कार्बन निघाला याचा हिशोब तो आपल्याकडेच मागणार, आणि इथे मालकी कुणाची हा प्रश्नच नाही, पूर्ण मराठी माणसाचं युनिट असलं तरी तेच. नाल्यात सोडलेल्या पाण्याशी मात्र सीबीएएमचा काही संबंध नाही, त्याची तक्रार एमपीसीबीकडेच.