केमोबरोबर इम्युनोथेरपी का देतात? आणि मायटोकॉन्ड्रियाच्या गोळ्या द्याव्यात का?

तुमच्या मामांना दोन्ही एकत्र चालू आहे आणि केमोने प्रतिकारशक्ती कमी होते मग हे उलटं नाही का, असं तुम्ही विचारलंय. शंका अगदी रास्त आहे. मी डॉक्टर नाही, इम्युनॉलॉजीत पीएचडी करतेय, त्यामुळे विज्ञानापुरतं सांगते.

पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपीची औषधं टी-सेलवरचा (म्हणजे कॅन्सरशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवरचा) ब्रेक काढतात (याच शोधासाठी २०१८ चं नोबेल अ‍ॅलिसन आणि होन्जो यांना मिळालं). पण ब्रेक काढून उपयोग कधी, तर टी-सेलला कॅन्सर ओळखता आला आणि तिच्या अंगात लढायची ताकद असली तर.

ओळखण्याचा भाग पेशी मरते कशी यावर बराच अवलंबून असतो. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी गुपचूप मरतात, इम्यून सिस्टीमला त्याचं काही पडलेलं नसतं. पण डॉक्सोरुबिसिन किंवा ऑक्झॅलिप्लाटिन या केमोच्या औषधांनी मरणारी कॅन्सरची पेशी एरवी आत असणारं कॅलरेटिक्युलिन नावाचं प्रोटीन बाहेरच्या पृष्ठभागावर आणते, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं रसायन) बाहेर सोडते, मग डेंड्रिटिक सेल्स (इम्यून सिस्टीमच्या पाहरेकरी पेशी) तिथे येतात, तुकडे उचलतात आणि टी-सेलना दाखवतात की हा शत्रू. म्हणजे असा केमो इम्युनोथेरपीला मदतच करू शकतो. पॅरिसच्या क्रोमर आणि झिटव्होगेल यांच्या टीमने हे उलगडलं. सगळे केमो असे नसतात हां, सिस्प्लाटिन हे केमोचं औषध यात कमी पडतं. आणि २०२० मध्ये उंदरांवर दिसलं की ट्यूमरच्या १५ टक्क्यांहूनही कमी पेशी फुटून मेल्या (पायरोप्टोसिस) तरी इम्यून सिस्टीमने अख्खी गाठ साफ केली, मला हा निकाल आजही फार मोठा वाटतो.

आता मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी छोटी केंद्रं. मरणाऱ्या पेशीत त्याला भोकं पडली की त्याचा डीएनए बाहेर येतो आणि पेशीला वाटतं इन्फेक्शन झालं, इंटरफेरॉन (इम्यून सिस्टीमला सावध करणारं प्रोटीन) सुरू, म्हणजे आपल्या फायद्याचं, फक्त त्याच वेळी कॅस्पेस नावाची एन्झाइम्स हा गजर दाबूनही टाकतात. दुसरीकडे ट्यूमरमध्ये ऑक्सिजन कमी, लढाई सतत, त्यामुळे टी-सेलचे मायटोकॉन्ड्रिया खराब होतात आणि ती थकते, मग ब्रेक काढूनही काही होत नाही. २०२५ मध्ये जपानी टीमने तर दाखवलं की कॅन्सरच्या पेशी स्वतःचे बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया टी-सेलमध्ये ढकलतात! कार-टी थेरपीत (पेशंटच्याच टी-सेल लॅबमध्ये बदलून परत देतात ती) टी-सेलच्या रिसेप्टरला ४-१बीबी हा भाग जोडतात त्याचा एक फायदा हाच, टी-सेलमध्ये मायटोकॉन्ड्रिया वाढतात आणि ती जास्त टिकते.

म्हणून त्या 'मायटोकॉन्ड्रिया बूस्टर' गोळ्या प्लीज स्वतःहून देऊ नका. मायटोकॉन्ड्रिया कॅन्सरच्या पेशीतही असतात, ताकद कुणाला द्यायची हे गोळीला कळत नाही. आधीच सुरू केल्या असतील तर मामांच्या ऑन्कॉलॉजिस्टना डबी दाखवा, त्यावरचं सगळं कंटेंट त्यांना वाचू दे, केमोच्या पुढच्या सायकलच्या आधीच.